हिप्पोकॅम्पस खरंच आकसतो का? एका लाडक्या वाक्याची उलटतपासणी



"मानसिक आघातामुळे मेंदूतला हिप्पोकॅम्पस आकसतो." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणारच. एमएस्सीच्या नोट्समध्ये, मानसिक आरोग्यावरच्या एखाद्या व्याख्यानाच्या स्लाइडवर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओत. सोबत बहुतेक वेळा दोन मेंदूंची चित्रं असतात. डावीकडे निरोगी माणसाचा मेंदू, उजवीकडे पीटीएसडी झालेल्या माणसाचा, आणि उजवीकडचा हिप्पोकॅम्पस स्पष्ट लहान दिसतो. पीटीएसडीच्या जागी नैराश्य घाला, चित्र तेच चालतं.

या लेखात मला या एकाच वाक्याची चिकित्सा करायची आहे. कारण तुमच्यापैकी जे पीएचडीला न्यूरोसायन्स, मानसशास्त्र किंवा बायोमेडिकल इमेजिंग घेणार आहेत, त्यांच्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत हे वाक्य येणार आहे. आणि त्यावर बेतून "२० रुग्ण, २० निरोगी, एमआरआय, टी-टेस्ट" असा आराखडाही येणार आहे. हा आराखडा तुमची चार-पाच वर्षं खाऊ शकतो. दुसरीकडे, ज्याला हा आजार आहे तो माणूस तेच वाक्य वाचतो आणि "माझा मेंदूच खराब झालाय" असं धरून बसतो. तेव्हा वाक्य किती खरं आहे हे नीट पाहिलेलं बरं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक असलेला भाग. नव्या आठवणी तयार करणं, एखादी घटना कुठे आणि कधी घडली याचा संदर्भ लावणं, ही त्याची मुख्य कामं. पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर तणाव विकार. यात जुनी घटना आत्ता घडतेय अशी अंगावर येते. म्हणजे आठवण आहे, पण ती "तेव्हाची" आहे ही खूण पुसट झाली आहे. त्यामुळे हिप्पोकॅम्पसवर संशय जाणं स्वाभाविक होतं. नुसता संशयही नव्हता. उंदरांना दीर्घकाळ ताण दिला की हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात, हे ब्रूस मॅक्इवेन यांच्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं. ताणाच्या वेळी स्रवणारी ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकं या पेशींना मारक ठरू शकतात, हे रॉबर्ट सापोल्स्की बरीच वर्षं मांडत होते. यंत्रणा तयार होती, माणसातला पुरावा हवा होता.

तो १९९५ साली आला. डग्लस ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या, पीटीएसडी असलेल्या २६ माजी सैनिकांचा एमआरआय काढला आणि तुलनेला २२ जण घेतले. सैनिकांच्या गटात उजवा हिप्पोकॅम्पस सरासरीने ८ टक्के लहान निघाला. पुढच्याच वर्षी गुर्विट्स यांच्या गटाचा पेपर आला. त्यात तीन गट होते: पीटीएसडी असलेले ७ सैनिक, युद्ध पाहूनही पीटीएसडी न झालेले ७ आणि युद्ध न पाहिलेले ८. इथेही पीटीएसडीच्या गटात हिप्पोकॅम्पस लहान. त्याच १९९६ मध्ये इव्हेट शेलाइन यांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या १० जणांची १० निरोगी लोकांशी तुलना केली, आणि तिथेही तेच. शिवाय आयुष्यातले जितके जास्त दिवस नैराश्यात गेले, तितका हिप्पोकॅम्पस लहान, असा संबंधही दिसला.

हे पेपर आज वाचताना त्यांची चेष्टा करणं सोपं आहे. तसं करू नका. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत अधिकृतपणे आलं १९८० साली. तोवर (आणि त्यानंतरही) युद्धावरून आलेल्या माणसाचा त्रास म्हणजे कमकुवत मनाचं लक्षण, असं म्हणणारे कमी नव्हते. अशा वेळी एक फिल्म समोर ठेवून "हे बघा, इथे फरक आहे" म्हणता येणं ही मोठी गोष्ट होती. त्या काळी हिप्पोकॅम्पसची सीमा एकेका काप-चित्रावर हाताने आखावी लागे, आणि आखणाऱ्याला कोणती फिल्म कोणाची हे कळू द्यायचं नसे. गुर्विट्स यांच्या पेपरमधला तिसरा गट तर विशेष दाद देण्यासारखा आहे. युद्ध पाहिलेले पण आजारी नसलेले लोक घेतले नाहीत, तर दिसलेला फरक आघाताचा की आजाराचा हे सांगताच येत नाही. आजही कित्येक अभ्यासांत हा तिसरा गट नसतो. पेपर हातात आला की आधी तो शोधायचा.

पण एवढं करूनही "आकसतो" हे क्रियापद या पेपरांतून निघत नाही. "लहान आहे" एवढंच निघतं. आकसतो म्हणायचं तर आधी मोठा होता हे माहीत हवं, आणि आधीचं माप कोणाकडेच नव्हतं. मग उलटा क्रम का शक्य नाही? ज्यांचा हिप्पोकॅम्पस मुळात लहान, त्यांना आघातानंतर पीटीएसडी होण्याची शक्यता जास्त, असंही असू शकतं. शेलाइन यांच्या "जास्त दिवस नैराश्य, लहान हिप्पोकॅम्पस" या निष्कर्षालाही तेच लागू. नैराश्याने तो लहान केला, की लहान होता म्हणून नैराश्य लांबलं? आकडा दोन्ही गोष्टींना सारखाच साथ देतो.

हा गुंता सोडवायला काय करावं लागेल, यावर इथे दोन मिनिटं थांबून स्वतः विचार करा. पुढचं वाचू नका.

मार्क गिल्बर्टसन, रॉजर पिटमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये जे केलं, ते मला या विषयातलं सगळ्यात देखणं डिझाइन वाटतं. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात असलेल्या जुळ्या भावांची एक मोठी नोंदवही आहे. तिच्यातून त्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या अशा जोड्या घेतल्या, ज्यांतला एक भाऊ प्रत्यक्ष लढाईत होता आणि दुसरा नव्हता. १७ जोड्यांमध्ये लढलेल्या भावाला पीटीएसडी झालेला, २३ जोड्यांमध्ये लढूनही झालेला नाही. न लढलेल्या भावाला कुठेच पीटीएसडी नाही.

आता गंमत बघा. न लढलेला भाऊ म्हणजे लढलेल्या भावाच्या "आधीच्या मेंदूचा" जिवंत अंदाज. युद्धाने हिप्पोकॅम्पस आकसला असेल, तर आजारी भावाचा लहान आणि त्याच्या जुळ्याचा नेहमीसारखा निघायला हवा. तो आधीपासून लहान असेल, तर दोघांचाही लहान निघायला हवा. एकाच मोजमापात दोन सिद्धांत वेगवेगळं भाकीत करतात. प्रयोगाची आखणी याला म्हणतात.

निघालं काय? पीटीएसडी गंभीर असलेल्या जोड्यांमध्ये दोन्ही भावांचा हिप्पोकॅम्पस पीटीएसडी नसलेल्या जोड्यांपेक्षा लहान. ज्याने लढाई पाहिलीच नाही त्याचासुद्धा. त्याहून चमत्कारिक म्हणजे, लढलेल्या भावाच्या लक्षणांची तीव्रता त्याच्या न लढलेल्या जुळ्याच्या हिप्पोकॅम्पसच्या आकारावरून सांगता येत होती. एकाचा मेंदू मोजा, दुसऱ्याचा आजार ओळखा!

या पेपरनंतर बऱ्याच ठिकाणी वाक्य उलटं झालं. "हिप्पोकॅम्पस लहान असणं हा पीटीएसडीचा आनुवंशिक धोका आहे." आता या नव्या वाक्यावरही तोच चष्मा लावू या, कारण चिकित्सा फक्त आपल्याला न आवडणाऱ्या निष्कर्षांची करायची नसते.

पहिली गोष्ट, "आधीपासून" म्हणजे "आनुवंशिक" नव्हे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं एक असतात, पण आईचं पोटही एक असतं, घर एक असतं, बाप दारू पिऊन मारणारा असेल तर तोही एकच असतो. दोघांचा हिप्पोकॅम्पस लहानपणीच्या ताणाने लहान राहिला असेल, तरी याच पेपरमधले आकडे जसेच्या तसे येतील. म्हणजे ताणाचा सिद्धांत मेला नाही, तो युद्धाआधी बालपणात सरकला. जनुकं आणि बालपण वेगळं करायला फक्त एकसारखे जुळे पुरत नाहीत. सोबत बिनसारखे जुळे लागतात, म्हणजे वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेले. पेपर याहून जास्त सांगत नाही. जास्त सांगितलं ते पुढे त्याचा दाखला देणाऱ्यांनी.

दुसरी गोष्ट, निष्कर्षाची धार गंभीर रुग्णांच्या उपगटात आहे. १७ जोड्या हाच लहान आकडा, त्यातला एक भाग म्हणजे आणखी लहान. आणि सगळे पुरुष, सगळे एकाच युद्धातले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला किंवा अपघातातून वाचलेल्या शाळकरी मुलाला हे निकाल लावायचे, तर तो आपला अंदाज झाला, पेपरचा निष्कर्ष नव्हे.

तिसरी गोष्ट अशी की एकच भाग पाहून साऱ्या मेंदूबद्दल बोलता येत नाही. जुळ्यांचीच पद्धत वापरून कासाई आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मेंदूच्या पुढच्या बाजूचा सिंग्युलेट नावाचा भाग तपासला. तिथे पीटीएसडी झालेल्या भावातच करड्या द्रव्याची घट दिसली, त्याच्या जुळ्यात नाही. म्हणजे या भागापुरतं "आजारासोबत आलेलं" हे उत्तर निघालं. तेव्हा "आघात मेंदू बदलतो की बदललेला मेंदू आघाताने कोसळतो?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. भागागणिक उत्तर वेगळं असू शकतं, आणि ते मिळतं योग्य तुलना केली तरच.

मधल्या काळात आणखी एक पेपर आला होता, ज्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. बोने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये, आघातातून नुकत्याच गेलेल्या ३७ जणांचा आठवडाभराच्या आत एमआरआय काढला आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढला. त्यातल्या १० जणांना पीटीएसडी झाला. हिप्पोकॅम्पसमध्ये फरक? पहिल्या स्कॅनमध्ये नाही, दुसऱ्यातही नाही. दोन्ही सिद्धांतांना नकार. अर्थात १० रुग्णांत लहान फरक दिसणारच नाही, आणि सहा महिने हा काळ थोडा आहे. फरक "दिसला नाही" आणि फरक "नाही" यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. पण तुमच्या प्रस्तावनेत ब्रेमनर असतील आणि बोने नसतील, तर परीक्षकाने विचारायलाच हवं, का नाहीत?

आता फरकाच्या आकाराकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा दणका इथे आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत 'एनिग्मा' नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने जगभरातल्या प्रयोगशाळांचे स्कॅन एकाच पद्धतीने मोजून एकत्र केले. नैराश्यावरच्या विश्लेषणात (श्माल आणि सहकारी) १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी लोक होते. हिप्पोकॅम्पस लहान निघाला का? हो, निघाला. किती? १.२४ टक्के. कोहेनच्या भाषेत डी = ०.१४. पीटीएसडीवरच्या विश्लेषणात (लोग आणि सहकारी, २०१८) १,८६८ लोक होते, त्यांत ७९४ रुग्ण. तिथे डी = ०.१७.

डी म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन. ०.१४ म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणा. नैराश्य असलेला एक माणूस आणि निरोगी एक माणूस असे कुठलेही दोघं उचला आणि ज्याचा हिप्पोकॅम्पस लहान तो आजारी, अशी पैज लावा. शंभरात साधारण ५४ वेळा तुम्ही जिंकाल. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा जिंकला असता. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ९४ टक्के भाग एकमेकांना झाकतो. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेलं ते चित्र आठवा, डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. तसे दोन मेंदू शोधले तर सापडतील हे खरं. पण तेवढंच शोधलं तर उजवीकडे मोठा आणि डावीकडे लहान अशी जोडीही सापडेल.

आता तुमच्या सिनॉप्सिसमधले २०–२० घ्या आणि वहीवर गणित करा. दोन्ही गटांत २०–२० माणसं, साधी टी-टेस्ट, ०.०५ ची मर्यादा. निकाल सिग्निफिकंट यायला तुमच्या सॅम्पलमध्ये डी किमान ०.६४ दिसावा लागतो. खरा डी आहे ०.१४. म्हणजे निकाल सिग्निफिकंट आला, तर तो किमान साडेचारपट फुगलेला असणारच. तुम्ही प्रामाणिक असा, हुशार असा, काहीही असा. खरा आकडा मिळाला तर तो सिग्निफिकंट होत नाही, आणि सिग्निफिकंट झाला तर तो खरा आकडा नसतो. अशा अभ्यासाची पॉवर ७ टक्क्यांच्या आसपास येते. त्यातही जे सिग्निफिकंट निकाल येतील, त्यांतल्या दर आठ-नऊपैकी एकात फरकाची दिशाच उलटी असेल, म्हणजे आजारी लोकांचा हिप्पोकॅम्पस मोठा! ८० टक्के पॉवर हवी असेल तर प्रत्येक गटात ८०० लोक लागतात. आपल्याकडे एखाद्या विभागाला शेजारच्या हॉस्पिटलचं मशीन रविवारी किंवा रात्री मिळतं, त्या हिशेबाने ८०० रुग्ण म्हणजे तीन पिढ्यांचे पीएचडी.

१९९०च्या दशकातले ते मोठाले फरक कुठून आले, याचं एक उत्तर या गणितात आहे. लहान सॅम्पलचे शंभर अभ्यास झाले, फरक न दिसलेले कपाटात राहिले, फुगलेले छापले गेले. दुसरं उत्तरही खरं असू शकतं. सुरुवातीचे रुग्ण वर्षानुवर्षं आजारी होते, आणि 'एनिग्मा'मध्ये सौम्य-गंभीर सगळे एकत्र झाले. नैराश्याच्या त्याच विश्लेषणात, पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या लोकांत निरोगी लोकांपेक्षा फरक दिसला नाही. वारंवार नैराश्य येणाऱ्यांत दिसला. ही नोंद महत्त्वाची आहे. पण इथे पुन्हा आपला जुना पाहुणा दारात उभा आहेच: पुन्हा पुन्हा नैराश्य आल्याने हिप्पोकॅम्पस लहान झाला, की लहान असलेल्यांना ते पुन्हा पुन्हा येतं?

इथे नव्या विद्यार्थ्यांचा एक गोड गैरसमज होतो. मोठं सॅम्पल म्हणजे सगळे प्रश्न मिटले, असं त्यांना वाटतं. हजारो लोक घेतल्याने सरासरीचा आकडा पक्का होतो, बाण कोणत्या दिशेचा ते कळत नाही. सगळे स्कॅन एकेकदाच काढलेले, कोणी औषधं घेत होतं कोणी नाही, ठिकठिकाणची मशीन वेगळी, आणि पीटीएसडी असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना नैराश्यही असतं. मग हा फरक नक्की कोणत्या आजाराचा? गिल्बर्टसन यांच्या जुळ्यांची संख्या यापुढे नगण्य आहे, पण प्रश्न विचारण्याची ताकद त्या लहान अभ्यासात जास्त आहे. दोन्ही लागतात, आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

"रचना सोडा, आम्ही फंक्शनल एमआरआय करू, घाबरलेले चेहरे दाखवून अमिग्डाला मोजू," असं कोणी म्हणेल. जरूर करा, पण आधी एक आकडा लक्षात घ्या. २०२० मध्ये एलियट आणि सहकाऱ्यांनी अशा कामांची विश्वासार्हता एकत्र करून पाहिली. त्याच माणसाला तेच काम दुसऱ्यांदा दिलं तर मोजमापं किती जुळतात याचा निर्देशांक ०.४ च्या आसपास निघाला. वजनकाटा असा असता तर तुम्ही त्यावर भाजीसुद्धा घेतली नसती. गटाची सरासरी पाहायला ही पद्धत उपयोगी आहे. एकेका माणसाबद्दल बोलायला नाही.

आणि एकेका माणसाबद्दल बोलण्याची घाई तर सगळीकडे आहे. परदेशात काही खाजगी दवाखाने मेंदूचा स्कॅन काढून नैराश्याचा "प्रकार" सांगतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. आजच्या घडीला पीटीएसडी किंवा नैराश्याच्या निदानाच्या अधिकृत निकषांत स्कॅनमधल्या एकाही खुणेचा समावेश नाही. एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. २०२२ मध्ये 'जामा सायकियाट्री'त विंटर आणि सहकाऱ्यांनी १,८०९ लोकांवर रचना, कार्य, जोडण्या अशी वेगवेगळी मोजमापं एकेक करून लावून बघितली. कोणत्याही एका मोजमापावरून नैराश्य ओळखण्याची अचूकता ५४ ते ५६ टक्क्यांच्या पुढे गेली नाही. वर आपण वहीवर काढलेला ५४ आठवा.

मला याची काळजी दोन बाजूंनी वाटते. एक म्हणजे ज्याला "तुझा मेंदू आकसलाय" असं सांगितलं जातं, तो माणूस. त्याच्याबाबतीत हे वाक्य खरं असण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त, पण ते ऐकून उपचारावरचा त्याचा विश्वास मात्र पार जाऊ शकतो. दुसरी बाजू जास्त वाईट. पुरावा म्हणून चित्र मागायची सवय लागली, की ज्याच्या चित्रात काही दिसत नाही त्याचं काय? "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग नाटक कशाला?" हे वाक्य आपल्या घरांत नवीन नाही. सैनिकांचा त्रास खरा ठरवायला जी फिल्म पुढे केली, तीच फिल्म उद्या कोणाचा तरी त्रास खोटा ठरवायला वापरली जाऊ शकते. ९४ टक्के आलेख एकमेकांवर असताना "नॉर्मल" रिपोर्ट येणं हेच बहुतेकांच्या बाबतीत अपेक्षित आहे.

मग करायचं काय? विषय सोडून द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त "आधी" आणि "नंतर" अशी दोन्ही मापं मिळतील अशी परिस्थिती शोधा. लंडनच्या टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पस मागच्या बाजूला मोठा असतो, हे एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं, तेव्हा त्यांच्यावरही हाच आक्षेप आला होता: मुळात मोठा असलेलेच टॅक्सीचालक होत असतील. त्यांनी काय केलं? कॅथरीन वुलेट यांच्यासोबत ७९ उमेदवारांचा प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच एमआरआय काढला, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा काढला. ३९ जण परीक्षा पास झाले, आणि वाढ त्यांच्यातच दिसली. सुरुवातीला गटांत फरक नव्हता. आक्षेपाला उत्तर वाद घालून दिलं नाही, डिझाइन बदलून दिलं.

आघाताच्या बाबतीत हे अवघड आहे हे उघड आहे. टॅक्सीच्या परीक्षेची तारीख ठरलेली असते. किल्लारीला १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे काय होणार हे आदल्या रात्री कोणाला माहीत होतं? आधीचा स्कॅन काढणार कोण आणि कोणाचा? पण एकदा तसं घडलं. जपानच्या सेंदाईमधल्या तोहोकू विद्यापीठात वेगळ्याच अभ्यासांसाठी काही विद्यार्थ्यांचे एमआरआय काढून ठेवलेले होते. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली. सेकिगुची आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ४२ जणांना काही महिन्यांत परत बोलावलं. पुढे ज्यांना ताणाची लक्षणं जास्त आली, त्यांच्या सिंग्युलेटच्या एका भागात करडं द्रव्य भूकंपाच्या आधीपासूनच कमी होतं. आणि डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागात भूकंपानंतर घट झाली होती. एकाच अभ्यासात एक खूण आधीची, एक नंतरची.

आता गिल्बर्टसन यांना लावलेला चष्मा इथेही लावाच. ४२ माणसं, सगळे विद्यार्थी, आणि यांतल्या कोणालाही पीटीएसडी झालेला नव्हता. मोजली ती लक्षणांची तीव्रता. शिवाय कासाईंच्या जुळ्यांमध्ये सिंग्युलेटमधली घट "नंतरची" निघाली होती, इथे ती "आधीची" आहे. सिंग्युलेट लांबलचक आहे, तेव्हा दोघांनी मोजलेला भाग नेमका एकच आहे का, हे दोन्ही पेपरमधले कोऑर्डिनेट्स समोरासमोर ठेवून बघा. जर्नल क्लबसाठी याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

तुमच्या विभागात, शेजारच्या मेडिकल कॉलेजात, कोणाच्या तरी जुन्या प्रोजेक्टच्या हार्ड डिस्कवर निरोगी तरुणांचे असेच स्कॅन पडलेले असतील. त्यांची यादी, एथिक्स कमिटीची जुनी परवानगी आणि त्यांना पुन्हा संपर्क करायची मुभा संमतिपत्रात होती का, एवढ्या तीन गोष्टी गाईडना पुढच्या भेटीत विचारा.